नऊ गायींच्या एकोणीस कराव्यात का?

प्रश्न: आम्ही फलटण तालुक्यात राहतो. साडेचार एकर बागायत, त्यात अडीच एकर ऊस आणि दोन एकर वैरण. नऊ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी, तीन कालवडी. सात गायी दुधात, रोज ८४ लिटर, दर सरासरी ३२ रुपये. मी, मिस्टर आणि सासूबाई पहाटे सव्वाचारपासून रात्री नऊपर्यंत गोठ्यातच. बँक १५ लाख द्यायला तयार आहे. गोठा ६ लाख, दहा गायी साडेनऊ लाख, मशीन-कुट्टी दीड लाख. मिस्टर म्हणतात, गायी वाढल्या की माणूस ठेवू आणि सुटू. साडेचार लाखांची एफडी आहे. जमीन दिरांसोबत सामाईक आहे, ते पुण्यात असतात. कर्ज घ्यावे का? माझे सोने तारण ठेवावे का?

उत्तर:

ताई, तुम्ही पत्रासोबत खर्चाची वही आणि कोणत्या कामाला किती वेळ जातो ते लिहून पाठवलेत, त्यामुळे अंदाजाने बोलायची वेळ आली नाही. कर्जाकडे वळण्याआधी आजचा हिशेब बघू.

महिन्याचे दूध ८०,६४० रुपयांचे. खुराक रोज ४० किलो, ३२ रुपये किलोने, म्हणजे ३८,४००. वैरणीचे बी, खत, विकतचे वाढे (उसाचे शेंडे) मिळून ९,०००. डॉक्टर, रेतन, खनिज मिश्रण ५,०००. वीज आणि किरकोळ २,०००. हातात उरतात २६,२४०. तुमच्या यादीनुसार तिघांचे मिळून रोज १६ तास गोठ्यात जातात, म्हणजे महिन्याला ४८० तास. भागाकार केला तर तासाला ५५ रुपये पडतात. आठ तासांचे ४४० झाले, म्हणजे जवळपास शेतमजुराचा रोज. जमिनीचा खंड, गायींत अडकलेले भांडवल, रात्रीबेरात्री व्यायलेल्या गाईजवळ काढलेल्या जागरणाचा मोबदला, यातले काहीच त्यात आलेले नाही.

आता दहा नव्या गायी. व्यापारी ‘वीस लिटरची’ म्हणून गाय दाखवतो तेव्हा ते तिचे ऐन भरातले दूध असते. पशुपालनातला जुना ठोकताळा असा की भरातल्या दिवसाच्या दुधाला २०० ने गुणले की साधारण ३०५ दिवसांच्या वेताचे (एकदा व्याल्यानंतरचे) दूध येते. म्हणजे ४,००० लिटर. दोन वेतांतले अंतर १४ महिने, म्हणजे ४२५ दिवस धरले तर भाकड काळासकट रोजचे दूध पडते साडेनऊ लिटरच्या आतच. तुमच्या गोठ्यातही तेच दिसते, ८४ भागिले ९ म्हणजे ९.३. बँकेच्या प्रकल्प अहवालात मात्र बहुतेकदा रोज १५ लिटर, बाराही महिने, असा आकडा असतो. तो वाचून हप्ता ठरवू नका.

तुमच्याच गोठ्याच्या सरासरीने एक जादा गाय महिन्याला ८,९६० रुपयांचे दूध देईल. खुराक ४,२७०, औषधपाणी आणि वीज ७८०. राहिली वैरण, आणि सगळा खेळ तिथेच आहे. वैरण रानातली असेल तर महिन्याला गायीमागे १,००० रुपये खर्च धरा. २,९०० उरतात, दहा गायींचे २९,०००. कर्जाचा हप्ता, ११ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी, महिन्याला २५,७००. उरले ३,३००. वैरण विकत घ्यावी लागली, रोज २० किलो मुरघास (हवाबंद आंबवून साठवलेली हिरवी वैरण) साडेपाच रुपयांनी, तर गायीमागे ३,३०० रुपये त्यातच जातात. मग दहा गायी मिळून जेमतेम ६,००० देतात आणि हप्त्यातले जवळपास २०,००० रुपये जुन्या नऊ गायींनी भरायचे. त्यांच्याकडे आहेत २६,०००, ज्यावर घर चालते.

दोन एकरात नऊ गायींचेच जेमतेम भागते, उन्हाळ्यात वाढे विकत घ्यावे लागतात, असे तुम्हीच लिहिले आहे. मग एकोणीस कशावर जगणार? आणि या सगळ्यात मजुराचा पगार अजून धरलेलाच नाही. गोठ्यावर राहणारी जोडी खोली आणि दुधासह १८-२० हजारांच्या खाली मिळत नाही. म्हणून ‘गायी वाढल्या की माणूस ठेवू’ हे दाजींचे गणित उलटे पडते. माणूस ठेवायचा तर आधी वैरण हवी, वैरणीला रान हवे, आणि रान अडीच एकर उसाखाली आहे. ऊस म्हणजे आळशाचे पीक म्हणतात, पण तुमच्या घरात आळसाचीच टंचाई आहे, त्यामुळे तो लगेच मोडा असेही मी म्हणणार नाही. एक एकर, पुढचा खोडवा (तोडणीनंतर फुटव्यांवर घेतलेला ऊस) न ठेवता, मक्याखाली आणता येईल का एवढेच बघा.

दराचेही लक्षात ठेवा. लिटरला एक रुपया घसरला की आज महिन्याला अडीच हजारांचा फटका बसतो. एकोणीस गायींवर तो पाच हजारांच्या पुढे जातो, आणि हप्ता काही खाली येत नाही. शिवाय अहवालात म्हाताऱ्या गायीची ‘विक्री किंमत’ धरली असेल तर ती शून्य करा. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा अधिक कडक झाला, तेव्हापासून गोऱ्हा आणि भाकड गाय यांना गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले आहे.

तेव्हा हे १५ लाखांचे कर्ज आत्ता नको. पण ‘आहे तसेच चालू द्या’ असेही नाही. सोळा तासांत माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाचे गोठ्यात रोख नुकसान होते. ते वहीत कुठे दिसत नाही एवढेच.

उदाहरण माजाचे, म्हणजे गाय फळवण्यायोग्य होते त्या वेळेचे घ्या. गाय बहुतेक वेळा रात्री उशिरा किंवा पहाटे माजावर येते, आणि दावणीला बांधलेली असली तर फक्त सोट (मागून गळणारा चिकट स्राव) आणि थोडे हंबरणे यावरून ओळखावे लागते. दिवसभराच्या कामाने दमलेल्या डोळ्यांतून एक माज निसटला की २१ दिवस गेले. दोन वेतांतले अंतर ४२५ वरून ३९५ दिवसांवर आणलेत तर त्याच नऊ गायींचे रोज साडेसहा लिटरच्या आसपास दूध वाढते. खुराक वजा जाता महिन्याला साडेतीन हजारांच्या पुढे, एकही नवी गाय न आणता. वरच्या दहा गायी हप्ता भरून जे देणार होत्या, तेवढेच. त्यासाठी लागतात पहाटे आणि रात्री वीस-वीस मिनिटे, नुसते उभे राहून बघायला. ती आज तुमच्याकडे नाहीत.

म्हणून पहिला पैसा तास विकत घेण्यात घाला. तुमच्या सोळा तासांपैकी साडेचार वैरण कापणे, आणणे आणि कुट्टीत जातात, चार धारांत, तीन शेण-झाडलोटीत, दीड पाणी पाजणे आणि सोड-बांध करण्यात. बाकी तीन तासांना हात लावण्यासारखे फार नाही.

सगळ्यात स्वस्त तास मुक्त संचारात, म्हणजे जनावरे न बांधता मोकळी ठेवण्यात मिळतात. सहा लाखांचे शेड नको. आहे तो गोठा सावलीला आणि गव्हाणीला ठेवा, त्याला लागून जनावरामागे २०० चौरस फूट या हिशेबाने २,४०० चौरस फूट जागा पाइप किंवा जाळीने बंदिस्त करा. पाण्याची टाकी सावलीत ठेवा. गव्हाणीसमोर आठ-दहा फूट कोबा, बाकी मुरूम, आणि उतार गव्हाणीपासून बाहेर. हे उलटे झाले की पावसाळ्यात चिखल कासेला लागतो आणि सगळ्या मुक्त संचाराला शिव्या बसतात. ८५ हजार धरा. मोकळ्या जागेतले शेण रोज उचलावे लागत नाही, पाणी जनावर आपले आपण पिते, आणि माजावरची गाय दुसरीवर चढताना लांबून दिसते. पहिले आठ दिवस मारक्या गायीला वेगळे ठेवा. शिंगवाल्या गायी असतील तर डॉक्टरांशी आधी बोला.

मग मुरघास. मका ८० ते ९० दिवसांत, दाणा चिकात असताना कापायचा. एकरी १५ टन धरला तर तुमच्या गायींना रोज १६० किलोप्रमाणे तीन महिने पुरतो, आणि रोजची कापणी हिरव्या वैरणीच्या एका भाऱ्यावर येते. खड्डा करू नका, बॅगा घ्या. खड्ड्याच्या तोंडावरचा मुरघास रोज किमान अर्धा फूट मागे सरकला पाहिजे, नाहीतर हवा लागून बुरशी धरते. १० फूट रुंद, ५ फूट उंच खड्ड्यात अर्धा फूट म्हणजे पावणेचारशे किलो. तुमच्या गायी तेवढा खात नाहीत. एक टनाची बॅग मात्र सहा दिवसांत संपते. भरताना थरावर थर पायाने तुडवून हवा काढायची, आतली पिशवी घट्ट बांधायची, ४५ दिवस हात लावायचा नाही. शत्रू उंदीर. बॅगेला एक भोक पडले की त्या भोवतीची घमेलीभर वैरण काळी पडते, म्हणून बॅगा भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि भोक दिसताच टेप लावा. पेरणी, कापणी, बॅगा मिळून पहिल्या खेपेला ६० हजार.

मशीन तिसरे. सात गायींना दोन बकेटचे पुरते, ७५ हजारांच्या आत बसेल. धारांचे चार तास अडीचवर येतात, धुणे धरून. ते धुणेच लोक टाळतात. आधी कोमट पाणी, मग धुण्याच्या पावडरीचे गरम पाणी, मग साधे पाणी, दोन्ही वेळा. कपातले रबरी लायनर दिसायला चांगले असले तरी सहा महिन्यांनी बदला. व्हॅक्यूम ४५ किलोपास्कलच्या आसपास, पल्सेशन (कपाची दाब-सोड) मिनिटाला ६०. दूध थांबल्यावरही कप तसेच राहिले की सडाचे टोक सुजते आणि दगडी (कासदाह) सुरू होते. मग लोक म्हणतात मशीनने गाय खराब केली. सुरुवातीला आठ दिवस हाताने धार काढताना मोटर नुसती जवळ चालू ठेवा, म्हणजे आवाजाला बिचकून गाय पान्हा चोरणार नाही. मोटर सिंगल फेजची घ्या, वीज गेल्यावरची सोयही त्याच कोटेशनमध्ये मागा.

तिन्ही मिळून २ लाख २० हजार. तुमच्या यादीवर हिशेब केला तर १६ तास सव्वानऊवर येतात, माज बघायची वेळ धरून. वाचलेल्या पावणेसात तासांचे लगेच रोख पैसे होत नाहीत, हे कबूल. पण ५५ रुपयांचाच दर लावला तरी वर्षाचे १ लाख ३५ हजार होतात. पहिला वाचलेला तास तुमच्या आणि सासूबाईंच्या पाठीला द्या. कंबर धरली की डॉक्टर, एक्स-रे आणि पर्यायी मजूर यांचा खर्च कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो.

हे २ लाख २० हजार एफडीतून काढा, पण त्यातले १ लाख ६० हजार मोडू नका. तो तुमचा तीन महिन्यांचा गोठ्याचा खर्च आहे. दुधाचा पगार दोन दहावडे (दहा-दहा दिवसांचे हप्ते) थकला, लाळ्या-खुरकूत आला, तर तोच उपयोगी. उरलेले ७० हजार कोब्याला किंवा वीज गेल्यावरच्या सोयीला जादा लागले तर.

दिरांचा विषय तुम्ही एका ओळीत उरकला आहे, पण माझ्या मते कर्जाइतकाच तो मोठा आहे. सामाईक सातबारा बँकेकडे तारण द्यायचा तर त्यांची सही लागेल. उद्या वाटणीत ती जागा त्यांच्याकडे गेली तर सहा लाखांचा पक्का गोठा कुणाचा? संबंध चांगले आहेत तोवरच महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करून घ्या. तोपर्यंत पैसा मशीन, पाइप, जाळी, बॅगा अशा उचलून नेता येणाऱ्या वस्तूंतच घाला.

कालवडी तीन आहेत, त्या विकू नका. दोन वर्षांत बारा गायी त्यांच्यातूनच होतील, बाजारातला रोग न आणता. त्यानंतर एकरभर जादा वैरण उभी असेल आणि १०० दिवसांचा मुरघास शिलकीत असेल, तर चार-पाच लाखांपर्यंतचे कर्ज मी स्वतः सुचवीन. बाहेरून गाय आणाल तेव्हा दुसऱ्या वेताची बघा, सलग तीन धारा समोर काढून घ्या, ब्रुसेला (गाभ टाकायला लावणारा रोग) आणि दगडीची तपासणी केल्याशिवाय इसार देऊ नका.

किरकोळ पण लगेच करण्यासारखे: पशुपालनासाठीचे किसान क्रेडिट कार्ड काढा. २ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेवर फेडले तर ४ पडते. गायींचा विमा घ्या, आणि कानातला बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवा मारून विमा कंपनीला कळवा, बिल्ला नसेल तर दावा अडतो. दाजींचा आणि तुमचाही टर्म विमा हवा. तो होईपर्यंत बँकेतून ४३६ रुपयांची जीवन ज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना दोघांच्या नावाने सुरू करा. दूध शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त आहे असा समज आहे, तो चुकीचा. ते व्यवसायाचे उत्पन्न धरतात. तुमच्या आकड्यांवर कर बसणार नाही, पण अनुमानित उत्पन्नाच्या (उलाढालीच्या ठरावीक टक्के उत्पन्न धरण्याच्या) पद्धतीने विवरणपत्र भरत जा. तीन वर्षांची विवरणपत्रे हातात असली की बँकेत सातबाऱ्यापलीकडेही बोलता येते.

सोन्याचे म्हणाल तर गायीसाठी नको. गाय मेली तरी कर्ज राहते आणि दागिना तिकडेच. मक्याच्या पेरणीला चार महिन्यांपुरते पैसे कमी पडले तर आधी कार्डातून उचला. सोने कपाटातच राहू द्या, आणि त्याची पावती कुठे ठेवली आहे तेवढे दोघांनाही माहीत असू द्या.