क्लोरीन कुठे गेला, ते आधी विचार

प्रिय बेटा,

पत्र मिळालं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तू प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक निवडलंस आणि त्याचा निकाल लावणारे बिनहवेचे जिवाणू आपल्याच भागातल्या मातीत शोधायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं हे औषध. 2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा ज्या औषधांच्या विक्रीवर बंदी आली त्यांत प्रोफेनोफॉसचं मिश्रणही होतं. शिवाय याच्या एकाच रेणूत ब्रोमीन आणि क्लोरीन दोन्ही बसलेले आहेत. शिकायला याहून चांगला रेणू मला सुचला नसता.

पण तुझा आराखडा बदलावा लागेल. महिनाभराने बाटलीत प्रोफेनोफॉस किती उरलं ते मोजायचं, आणि जेवढं कमी झालं तेवढं जिवाणूंनी संपवलं असं मानायचं, असं तू लिहिलंयस. तुमच्या दर्यापूरकडची काळी माती अल्कधर्मी आहे. अल्कधर्मी पाण्यात प्रोफेनोफॉस आपोआप तुटतं, त्याला जिवाणू लागत नाही. तुटून जे उरतं ते 4-ब्रोमो-2-क्लोरोफिनॉल, आणि त्यात ब्रोमीनही जागेवर असतो, क्लोरीनही. तुझा आलेख झकास खाली येईल आणि जिवाणूंबद्दल त्यातून काहीच कळणार नाही. म्हणून तुलनेसाठी निम्म्या बाटल्यांतली माती ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून घे, एकदा नव्हे, एकेक दिवसाच्या अंतराने दोन-तीनदा. मातीतले बीजाणू चिवट असतात. मी तुझ्या जागी असतो तर सरळ त्या फिनॉलपासूनच सुरुवात केली असती.

मूळ रसायन दिसेनासं झालं यावर या विषयात कधीही थांबू नये. ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात ते टेट्राक्लोरोइथिलीन घे. त्यावर चार क्लोरीन. भूजलात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, काही जिवाणू आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो तसा या रेणूवर श्वास घेतात. हायड्रोजनकडून आलेले इलेक्ट्रॉन त्याला देतात आणि एकेक क्लोरीन सुटा करतात. तीन सुटले की उरतं व्हिनाइल क्लोराइड, जे माणसाला कर्करोग करतं. पुष्कळ ठिकाणी गाडी नेमकी इथेच अडते. म्हणजे मोजणाऱ्याच्या कागदावर प्रदूषण घटलेलं आणि विहिरीत पहिल्याहून वाईट विष. 1997 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातून एक जिवाणू वेगळा केला, तो चारही क्लोरीन काढून निरुपद्रवी इथिलीनपर्यंत पोचत होता. त्याचं आजचं नाव डिहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी. याचा जीनोम जेमतेम 14.7 लाख बेसजोड्यांचा, ई. कोलायच्या साधारण एक तृतीयांश. ऑक्सिजन त्याला सोसत नाही. क्लोरीन तोडणारं त्याचं विकर (एन्झाइम) जीवनसत्त्व बी-12वर चालतं, आणि तेच त्याला मुळापासून बनवता येत नाही! शेजारचे जिवाणू देतील तेव्हा त्याचं चालतं. म्हणून शुद्ध वाण वेगळा करण्याचा हट्ट पहिल्याच वर्षी धरू नकोस. अख्खी वस्ती जगव, तिला भरपूर वेळ दे.

हायड्रोजनचंही बघ. गाळातले मिथेन बनवणारे जीव, गोबरगॅसच्या टाकीत असतात तेच, त्याच हायड्रोजनवर टपलेले असतात. पण क्लोरीनवाल्यांना अगदी थोडक्या हायड्रोजनवर भागवता येतं. तेव्हा एकदम साखर ओतू नकोस. सावकाश हायड्रोजन सोडणारं काहीतरी दे, ब्युटिरेट (ब्युटिरिक आम्लाचा क्षार) चांगलं. आणि माती वावरातली असेल तर आधी नायट्रेट मोज. युरियातून आलेलं नायट्रेट संपेपर्यंत हे जीव सहसा कामाला लागत नाहीत.

आता क्लोरीन मोजायचा कसा? तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथल्या पाण्यात क्लोराइड मुळातच इतकं असतं की तुझ्या रेणूतून सुटलेलं चिमूटभर क्लोराइड त्यात दिसणारही नाही. ब्रोमाइड मात्र त्या मानाने फार कमी असतं, आणि अशा फिनॉलमधून साधारणपणे ब्रोमीनच आधी सुटतो. आयन क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे पाण्यातले आयन वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, ब्रोमाइड वाढताना दिसलं आणि त्याच बाटलीत 2-क्लोरोफिनॉल, मग साधं फिनॉल दिसलं, तर तुझ्याकडे खरा पुरावा आहे. यंत्र तुमच्या कॉलेजात नसेल तर नागपूरच्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत नमुने तपासून मिळतात का ते तुझ्या मार्गदर्शकांकडून विचारून घे, लाजू नकोस.

एका मातीवर अवलंबूनही राहू नकोस. तुझं आजोळ साकोलीकडचं. रोवणीनंतर भाताच्या बांधीत पाणी साचून राहतं, खालचा चिखल काळा पडतो, वास मारतो. असले जीव राहायला तीच जागा. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून 1966 साली प्रसिद्ध झालं होतं की पाण्याखालच्या भातमातीत बीएचसी हे क्लोरीन असलेलं जुनं कीटकनाशक जिवाणूंमुळे विघटित होतं. (तुझ्या आजोबांना बीएचसी पावडर नक्की आठवत असेल.) पण पुढे कळलं की हवेविना बीएचसी तुटतं तेव्हा शेवटी क्लोरोबेन्झिन आणि बेन्झिन उरू शकतं. पुन्हा तोच प्रश्न बघ: मागे उरलं काय?

चिखल घेताना बाटली पाण्याखालीच काठोकाठ भर आणि पाण्याखालीच बूच लाव. प्रयोगशाळेत ब्युटाइल रबराचं बूच वापर, साध्या रबरातून ऑक्सिजन झिरपतो. जिवाणू वाढवायच्या माध्यमात रिझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग घाल. गुलाबी दिसलं की हवा शिरली आहे असं समज आणि ती बाटली बाजूला ठेव.

गावात हे सांगताना फार जपून बोल. गाळात विष खाणारे जंतू आहेत एवढंच ऐकून कोणी फवारणीचा पंप बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, धुवायला लागला तर ते तुला चालेल का? तुझे जीव हवेविना, महिनोन्‌महिने, खालच्या गाळात काम करतात. पंप धुणाऱ्याच्या हातावरचं आणि ढोरं पितात त्या पाण्यातलं औषध ते थांबवत नाहीत. हे आधी सांग, शोधाचं नंतर.

बाटल्यांची यादी नव्याने कर आणि मला पाठव. ऑटोक्लेव्ह केलेल्या वेगळ्या, ब्युटिरेट दिलेल्या वेगळ्या, दोन्ही मातींच्या वेगळ्या, प्रत्येकीच्या तीन-तीन. यादी बघितल्यावर फोनवर बोलू.

तुझे सर