रोमन नाण्यांवरचे चुकलेले लेख: संग्रहाची सुरुवात करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

चुकलेल्या लेखांची, म्हणजे कोरलेल्या मजकुरात चूक असलेली, रोमन नाणी जमवायची म्हणतोस, तर पैसे खर्च करण्याआधी एक कसोटी मनात पक्की कर. चूक ठशात, म्हणजे नाणे ठोकण्याच्या कोरीव साच्यात, असायला हवी. ठसा कोरताना झालेली चूक त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी उतरते. बाकीचे दोष नाणे ठोकताना होतात. ठशाच्या खाचेत मळ बसला की अक्षर उमटत नाही, धातूची कोरी चकती सरकली की अक्षरे कडेबाहेर जातात, घाव दोनदा पडला की एकच अक्षर दोनदा दिसते. विक्रेते यातले काहीही ‘स्पेलिंग एरर’ म्हणून वाढीव दराने विकतात.

हा फरक अक्षरांमधल्या अंतरावरून कळतो. मळामुळे गेलेल्या अक्षराची जागा रिकामी राहते आणि तिरप्या प्रकाशात तिथे बऱ्याचदा पुसट उंचवटा सापडतो. कोरणाराच अक्षर विसरला असेल, तर शेजारची दोन अक्षरे मधे रिकामी जागा न राहता नेहमीच्याच अंतरावर येतात. शेवटची अक्षरे दाटीवाटीने बसवलेली दिसली तर समज की त्याला जागा पुरली नव्हती. अशा ठिकाणी गाळलेले अक्षर हमखास शोध. आणखी एक गोष्ट म्हणजे ठशावर सगळेच उलटे कोरावे लागते. सवयीने सरळ कोरलेले एस किंवा एन नाण्यावर उलटे उमटते. ए, आय, ओ, टी, व्ही ही अक्षरे दोन्हीकडून सारखीच, त्यामुळे त्यांच्यातली अशी चूक दिसतच नाही.

चूक वाटणारे पण चूक नसलेले बरेच काही आहे. यूच्या जागी व्ही हा नियमच. तिसऱ्या शतकात ए बिनआडव्या रेघेचा येतो. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिच्या नाण्यांवर ‘रेइपुब्लिकाए’ (राज्याची) याऐवजी ‘रेइपुब्लिके’ असते. व्याकरणाने खटकते, पण तिच्या नाण्यांवर तेच नेहमीचे रूप आहे. लंडन टांकसाळीचे ‘बेआत त्रांक्लितास’ (बेआता त्रांक्विलितास, म्हणजे सुखाची शांतता) हेही ठरलेले संक्षिप्त रूप. म्हणून लेख आधी ओक्रे या मोफत ऑनलाइन सूचीत तपास. तिथे तो अनेक नाण्यांवर नियमित दिसला, तर जास्त पैसे मोजू नकोस.

सुरुवात सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या पूर्वेकडच्या डेनारियसांनी (चांदीच्या रोमन नाण्यांनी) कर, असे मी आग्रहाने सांगेन. इ. स. 193मध्ये तो आणि पेसेन्नियस नायजर दोघेही सम्राटपदावर हक्क सांगत होते आणि सैन्याला घाईने चांदी हवी होती. परंपरेने एमेसाची (सीरियातले आजचे होम्स) म्हणून ओळखली जाणारी ही नाणी ग्रीक भाषेच्या प्रदेशात, लॅटिनची पुरती सवय नसलेल्या हातांनी ठसे कोरून पाडली गेली. त्यामुळे लेखांत विलक्षण वैविध्य आहे. ‘फोर्टुना रेडुक्स’ (सुखरूप परत आणणारी भाग्यदेवता) कधी पूर्ण, कधी ‘फोर्टुन रेडुक’, कधी ‘फोर्ट रेडुक’. ‘बोना स्पेस’ (चांगली आशा) आणि ‘बोनाए स्पेई’ अशा दोन्ही विभक्ती सापडतात. दर्शनी बाजूला कॉन्सुल या रोमन उच्चपदाच्या ‘सी-ओ-एस आय-आय’ (दुसऱ्यांदा कॉन्सुल) याऐवजी काही ठशांवर ‘आय-आय-सी’ येते आणि त्याच्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहे. एका छोट्या काळात इतके शिकवणारी दुसरी मालिका मला दिसत नाही.

गॉलमधला (आजचे फ्रान्स) फुटीर सम्राट टेट्रिकस याच्या (इ. स. 271 ते 274) नाण्यांच्या नकला स्वस्त मिळतात, पण त्या वेगळ्या कप्प्यात ठेव. गॉल आणि ब्रिटनमधल्या या अनधिकृत नाण्यांवर लेख म्हणजे बऱ्याचदा नुसत्या रेघा असतात, अधिकृत टांकसाळीतली चूक नव्हे. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेल्या डेनारियसांवरही लेख वारंवार बिघडलेले असतात. कडेला लाल किंवा हिरवा ठिपका दिसतो का ते भिंगाने पाहा.

साहित्य थोडे लागते: दहापट भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास मोजायला व्हर्निअर आणि बाजूने पाडता येणारा दिवा. लेख साधारणपणे डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जातो. जसा दिसतो तसाच उतरव. न दिसणारी अक्षरे चौकटी कंसात लिही आणि अंदाजाने दुरुस्त करू नकोस. वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचा परस्पर कोनही नोंदव.

मग लिलावांच्या जुन्या फोटोंत त्याच ठशाचे दुसरे नाणे शोध. सापडले की चूक सिद्ध झाली. मात्र चकतीचा आकार, लेखाची कडेपासूनची जागा आणि झीज दोन्हींत वेगळी असलीच पाहिजे. ओरखडेसुद्धा जुळले, तर ते तेच नाणे पुन्हा विकले गेलेले असेल, नाहीतर एक तरी बनावट आहे. अक्षराच्या खाचेत जुना थर नसेल आणि भोवतीचा भाग खोल गेलेला दिसेल, तर ते आजच्या माणसाने कोरले आहे.

भारतात असशील तर कायदाही पाहा. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्यामुळे खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलेला ठेवा असेल, तर 1878च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

पहिले नाणे घेण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन आणि उतरवलेला लेख मला पाठव. डेनारियस 3 ग्रॅमच्या बराच खाली असेल, तर कडेचा फोटो जवळून काढ.