ॲरिझोनातल्या पिकाचो पासला खरंच 'लढाई' झाली होती का?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धातली सर्वात पश्चिमेकडची लढाई ॲरिझोनात झाली म्हणतात, ते खरं का आणि तिथे नेमकं काय घडलं?

चकमक झाली, हे खरं. १५ एप्रिल १८६२, पिकाचो पास, म्हणजे पिकाचो डोंगराजवळची खिंड. मी फिनिक्सजवळ राहतो, टुसॉनला जाताना हा डोंगर हायवेला अगदी लागूनच दिसतो. बहुतेकांना त्याच्यासमोरचं शहामृगांचं फार्म तेवढं आठवतं. दोन्ही बाजू मिळून पंचवीसही माणसं नव्हती, आणि सगळा प्रकार दीडेक तासात आटोपला.

पण माझ्या मते खरी गंमत त्या दीड तासाआधीच्या दीड महिन्यात आहे. फेब्रुवारीच्या शेवटी कॅप्टन शेरॉड हंटर हा दक्षिणेचा अधिकारी जेमतेम शंभरेक स्वार घेऊन टुसॉनला आला. तिकडे कॅलिफोर्नियातून कर्नल जेम्स कार्लटनची दोन हजारांहून मोठी युनियन, म्हणजे उत्तरेची, फौज निघणार होती. एवढ्या फौजेशी हंटर समोरासमोर काय लढणार? त्याने हात घातला तो दाण्यागोट्याला. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या फोर्ट युमापासून हिला नदीच्या काठाने बंद पडलेल्या टपालगाड्यांची ठाणी होती. वाळवंटात घोड्या-खेचरांना खायला काही मिळायचं नाही, म्हणून युनियनवाल्यांनी तिथे आधीच गवताच्या गंजी रचून ठेवल्या होत्या. हंटरच्या माणसांनी त्यातल्या सहा ठाण्यांवरच्या गंजी पेटवून दिल्या.

पिमा या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या गावात ॲमी व्हाइट नावाचा गिरणीवाला युनियनसाठी गहू खरेदी करत असे. हंटरने त्याला पकडलं, गिरणी मोडली. १५०० पोती गहू हाती लागला, पण न्यायला गाड्या कुठे होत्या? मग ज्या पिमांकडून तो विकत घेतला होता त्यांनाच वाटून टाकला. पिमांची चंगळच झाली म्हणायची, गव्हाचे पैसेही मिळाले आणि गहूही परत. वर आणखी एक सोंग: व्हाइटला शोधत युनियनचा कॅप्टन मॅक्लीव्ह तिथे पोचला, तेव्हा हंटरने स्वतःच व्हाइट असल्याची बतावणी करून त्याला माणसांसकट कैद केलं.

आता पिकाचो. हंटरचे दहा जण सार्जंट होम्सच्या हाताखाली इथे टेहळणीला बसले होते. युनियनचा बेत साधा होता: लेफ्टनंट जेम्स बॅरेटने वळसा घालून एका बाजूने यायचं, दुसऱ्या तुकडीने दुसऱ्या बाजूने, आणि शत्रूला मध्ये कोंडायचं. बॅरेट आधी पोचला आणि थांबलाच नाही. बरोबर बारा स्वार आणि एक वाटाड्या. खाली उतरून, झाडांच्या आडोशाने जायचं सोडून तो घोड्यावरूनच एकामागे एक अशा रांगेत झुडपांत घुसला. तीन जण जिवंत हाती लागले खरे, पण बाकीच्यांनी झुडपांतून गोळ्या झाडल्या. बॅरेट आणि दोन शिपाई ठार, तिघे जखमी.

मला विचाराल तर हा निव्वळ उतावीळपणा. त्याची किंमतही मोठी पडली, कारण टुसॉनवर अचानक झडप घालायचा बेत तिथेच फसला. मागची मुख्य तुकडी पुढे यायचं सोडून पिमा गावांकडे परत फिरली. टुसॉन २० मे रोजी युनियनच्या ताब्यात आलं, तेही एक गोळी न झाडता, कारण हंटर मेच्या सुरुवातीलाच निघून गेला होता.

'सर्वात पश्चिमेकडची' म्हणाल तर त्यातही खोट आहे. मार्च १८६२च्या अखेरीस स्टॅनविक्स स्टेशनवर, म्हणजे युमापासून १३० किलोमीटरांवर, गंजी जाळताना हंटरच्या लोकांची युनियनच्या पहारेकऱ्यांशी गाठ पडली आणि एकाला गोळी लागली. ती जागा पिकाचोच्या बरीच पश्चिमेला. तिथे कोणी मेलं नाही, म्हणून बहुधा तिला कोणी लढाई म्हणत नसावं.

बॅरेटच्या दोन शिपायांचे अवशेष पुढे सॅन फ्रान्सिस्कोला हलवले. तो स्वतः रेल्वेरुळांजवळच कुठेतरी पुरलेला आहे, थडग्यावर खूण नाही.

 हौशी मंडळी कित्येक वर्षं मार्चमध्ये इथे जुने गणवेश घालून ही चकमक रंगवायची, न्यू मेक्सिकोतल्या दोन मोठ्या लढायाही त्यातच उरकून घ्यायची, म्हणून तोफाही धडाडायच्या. मूळ चकमकीत तोफ एकही नव्हती, आणि माणसं तर पार्किंगच्या एका रांगेतल्या गाड्यांत बसली असती एवढीच.