अनामिका दुखतेय, टेप लावून बोल्डरिंग चालू ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की बेलापूरला बोल्डरिंगमध्ये (दोराशिवाय बुटक्या दगडांवरची चढाई) बारीक धारेवर लटकलेले असताना पाय सटकला, अनामिकेत कळ गेली, आता दहा दिवस झाले. पाऊस सुरू व्हायच्या आत तोच प्रॉब्लेम, म्हणजे दगडावरची ती ठरलेली वाट, पूर्ण करायचाय.

तो प्रॉब्लेम सध्या सोडा. बाकीची चढाई कदाचित चालेल, पण ते टेपवर ठरत नाही.

आधी दुखतंय कुठे ते बघा. तळव्याच्या बाजूने, बोटाच्या मुळापासून मधल्या सांध्यापर्यंत अंगठ्याने दाबत जा. मधल्या सांध्याच्या अलीकडच्या पेरावर एकाच जागी टोचलं, तर बहुतेक ए-2 पुली, म्हणजे कंडरेला हाडाशी धरून ठेवणारी पट्टी, दुखावली आहे. नेफ्यातून नाडी जावी तशी बोट वाकवणारी कंडरा या पट्टीखालून जाते. क्रिम्पमध्ये, म्हणजे बारीक धार बोटं मुडपून धरताना, मधला सांधा जवळपास काटकोनात वळतो आणि कंडरा पट्टीला बाहेर रेटते. त्यातच पाय सुटला की सगळं वजन एका झटक्यात तिथे येतं.

'टक्' असा आवाज झाला होता, बोट सुजून काळंनिळं पडलं, किंवा वाकवताना कंडरा कातडीखाली दोरीसारखी उठून दिसते, तर चढणं बंद. हाताच्या सर्जनकडे जा. सोनोग्राफी करताना बोट वाकवून, विरोध देऊन बघायला सांगा; सरळ बोटात फाटलेली पुली सहज नजरेतून सुटते. पूर्ण तुटली असेल तर तीन महिने तरी धरा. आणि वय सोळा-सतराच्या आत असून मधला सांधा वरच्या, नखाकडच्या बाजूने दुखत असेल, तर ते पुलीचं प्रकरण नाही. वाढीच्या कूर्चेला इजा असू शकते. एक्स-रे होईपर्यंत दगडाला हातही लावू नका.

यातलं काही नसेल तर घरी मोजमाप करा. बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या. दोरीचं एक टोक पायाखाली, मध्ये काटा, वर दोन सेंटिमीटर जाड लाकडी पट्टी. बोटं क्रिम्प न करता उघडी ठेवून सावकाश ओढा. दुखणं दहापैकी दोनच्या पुढे गेलं की थांबा आणि आकडा लिहून ठेवा. त्याहून थोड्या कमी वजनावर दहा सेकंद, पाच वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळताना बोट जास्त आखडलं असेल तर वजन कमी करा. नसेल तर आठवड्याला एक-दोन किलो वाढवा. आकडा दुसऱ्या हाताच्या जवळ पोचेपर्यंत क्रिम्प नको, एक-दोन बोटांची भोकं नकोत, झेप घेऊन धरणं नको. मोठे होल्ड (धरायच्या जागा), पायावरची चढाई चालेल. वेदनाशामक घेऊन मात्र अजिबात चढू नका. दुखणं वाढतंय की नाही हेच मग कळत नाही.

टेप लावायचीच तर गोल गुंडाळू नका. न ताणणारी कापडी टेप, दीड सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब. दोन्ही टोकांकडून मधोमध उभी चिरा, मध्ये एक सेंटिमीटर अखंड ठेवा. तो भाग तळव्याच्या बाजूने, मधल्या सांध्याच्या घडीला लागून पण मुळाकडे बसवा. मुळाकडच्या दोन पट्ट्या आधी घट्ट बांधा, मग बोट वाकवून पुढच्या दोन पट्ट्या सांध्यापलीकडे. नख पांढरं किंवा निळं पडलं तर सोडून पुन्हा बांधा. आपल्याकडच्या घामात ती अर्ध्या तासात सरकते, म्हणून बोट आधी स्पिरिटने पुसा.

मे महिन्यात सकाळी नऊनंतर काळा बेसाल्ट तापतो, हात घामेजतात आणि नकळत होल्ड जास्त आवळला जातो. सातच्या आत पोचा, ऊन आलं की खाली अंथरलेलं पॅड गुंडाळा. जूननंतर ओल्या, शेवाळलेल्या दगडावर तसंही चढता येत नाही. ते चार महिने काट्यावरच्या कामाला पुरेसे आहेत.