टोमॅटोचं बूड काळं पडतंय? आधी पाणी बघा

प्रश्न : चार कुंड्यांत टोमॅटो लावले आहेत. झाडं हिरवीगार, पानांवर एक डाग नाही. पण फळ लिंबाएवढं झालं की त्याच्या बुडाशी पाणी मुरल्यासारखा डाग दिसतो. तो आधी तपकिरी होतो, मग काळा आणि चामड्यासारखा. बुरशीनाशक फवारलं, अंड्यांची टरफलं घातली, काही फरक नाही. पाणी रोज सकाळी घाईत थोडं घालते, सुट्टीच्या दिवशी मात्र भरपूर. झाडं उपटून टाकू का?

उत्तर : उपटू नका, झाडं चांगली आहेत. बुरशीनाशकही थांबवा, कारण हा रोगच नाही. कधी कधी डागावर काळी बुरशी दिसते, पण ती मेलेल्या भागावर मागाहून येते.

फळाच्या टोकाला कॅल्शिअम कमी पडलं की तिथल्या पेशी कोसळतात. हे वाचून लगेच कॅल्शिअम आणायला धावू नका. बहुतेक मातीत ते पुरेसं असतं. ते मुळांतून पाण्याबरोबरच वर चढतं आणि ज्या भागातून पाण्याची वाफ जास्त होते तिकडे जास्त जातं. पानांतून भरपूर वाफ होते, मेणचट सालीच्या फळातून फार थोडी. म्हणजे पाणी कमी पडलं की पहिली उपासमार फळाची, त्यातही देठापासून सर्वांत लांब असलेल्या बुडाची. पानांत एकदा गेलेलं कॅल्शिअम तिथून फळाकडे परत येत नाही. म्हणून फवारणीनेही फारसं साधत नाही. अंड्याची टरफलं कुजायलाच कितीतरी महिने लागतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा वाचलं. रोज घाईत थोडं आणि एक दिवस भरपूर, खरी गडबड इथेच आहे. थोड्या पाण्याने वरची दोन बोटं माती ओली होते, खालची मुळं कोरडीच राहतात.

आणि एक गोष्ट उद्याच तपासा. कुंडीतलं मातीचं मिश्रण फार सुकलं की आक्रसतं, कुंडीच्या कडेला बारीक फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली, आत मुळांचा गोळा मात्र कोरडा ठणठणीत. अशी कुंडी पाण्याच्या टबमध्ये अर्धा तास ठेवा. वरची माती ओली दिसायला लागली की उचला आणि नीट निथळू द्या. कुंडी जड असेल तर थोड्या थोड्या वेळाने तीन-चार वेळा हळूहळू पाणी द्या आणि फट मातीने बुजवा.

एरवी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर देऊ नका. माती वाफशावर हवी: मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये. सतत चिखल ठेवला तर मुळं गुदमरतात, मग पाणी असूनही ती ओढू शकत नाहीत आणि फळाचं बूड तसंच काळं पडतं. फळांनी लगडलेल्या झाडाला कडक उन्हात दिवसातून दोनदाही पाणी लागेल, विशेषतः कुंडी लहान असेल तर. एका झाडाला 15 ते 20 लिटरची कुंडी द्यावी, यावर मी ठाम आहे. मातीवर 5 सेंटिमीटर वाळक्या पाल्याचं आच्छादन करा, खोडाला मात्र चिकटवू नका.

‘हिरवीगार’ या शब्दानेही मला जरा शंका आली. युरियासारखं नत्र जास्त झालं की पाला फोफावतो आणि फळाच्या वाट्याचं पाणी ओढून नेतो. तसं खत देत असाल तर फळधारणेच्या काळात बंद करा. मॅग्नेशिअम सल्फेटही उगाच घालू नका. मुळांशी मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम यांची स्पर्धा लागते.

डागाळलेली फळं तोडून टाका, ती बरी होणार नाहीत. पाणी सुधारल्यावर लागणाऱ्या नव्या फळांवरून फरक कळेल, त्याला दोन-तीन आठवडे द्या. पहिल्या बहराला हा त्रास जास्त असतो. लांबट जातींनाही तो अधिक होतो, चेरी टोमॅटोला क्वचित.

प्रश्न : पिकायला आलेली फळं देठाजवळ तडकतात. हेही कॅल्शिअममुळेच का?

उत्तर : नाही, पण मूळ पुन्हा पाण्यातच आहे. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि पिकत आलेली साल तेवढी ताणत नाही. मोठा पाऊस येणार असं दिसलं तर रंग धरलेली फळं आधीच तोडा, घरात ती छान पिकतात. तडकलेली फळं वेलीवर ठेवू नका, भेगेतून बुरशी आत शिरते.

प्रश्न : वाफ्यातल्या झाडांची फक्त खालची फळं सडतात. त्यांवर तपकिरी, गोल गोल वलयं दिसतात.

उत्तर : ही मात्र खरी सड आहे, मातीतून येणारी. फळ ओल्या मातीला टेकलं किंवा पाण्याबरोबर चिखल त्यावर उडाला की ती लागते. सडकी फळं वेचून वाफ्यापासून लांब टाका. झाडाला काठीचा आधार द्या, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढा, खाली पाला पसरा. झारीने वरून पाणी न घालता बुंध्याशी, सकाळी घाला. वाफ्यात पाणी तुंबत असेल तर आधी निचऱ्याची चर काढा, नाहीतर बाकीचं सगळं करूनही सड थांबणार नाही.