दारावर देणगी, हाती बँकेचा फॉर्म : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : एका सेवाभावी संस्थेचे ओळखपत्र घातलेली तरुणी दारावर आली होती. मी रोख रक्कम देऊ केली, तर ती घेण्यास नकार देऊन तिने बँक खात्याचा तपशील मागितला. हा प्रकार संशयास्पद नाही का?

उत्तर : केवळ रोख नाकारली म्हणून संशय घेण्याचे कारण नाही. अनेक संस्था आपल्या प्रतिनिधींना रोख रक्कम स्वीकारण्याची मनाईच करतात, कारण दारोदार गोळा झालेल्या रोखीचा हिशेब ठेवणे अवघड असते. शिवाय त्यांना एकदाची देणगी नको असते. खात्यातून दरमहा आपोआप येणारी रक्कम हवी असते. समोरासमोर भेटून असे मासिक देणगीदार मिळवण्याची पद्धत १९९०च्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रियात रुजली आणि तेथून जगभर पसरली. ठरलेली आवक असली की संस्थेला पुढील कामाची आखणी करता येते, त्यामुळे या मागणीत गैर काही नाही.

मात्र तुमच्या दारात उभी असलेली व्यक्ती पुष्कळदा संस्थेची कर्मचारी नसते. ती एखाद्या एजन्सीसाठी काम करत असते आणि नव्या देणगीदारामागे संस्था त्या एजन्सीला मोबदला देते. म्हणजे तुमचे सुरुवातीचे काही हप्ते प्रत्यक्षात तो खर्च भरून काढण्यातच जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये अशा मोबदला घेणाऱ्या प्रतिनिधीने ही बाब देणगीदाराला आधी सांगावी, असे कायद्याचे बंधन आहे. इतरत्र तसे बंधन असो वा नसो, ‘आपण संस्थेत नोकरीला आहात की एजन्सीकडून आला आहात?’ हे विचारण्यात संकोच बाळगू नये. प्रामाणिक प्रतिनिधी या प्रश्नाने गडबडत नाही.

प्रश्न : मी खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड सांगून बसलो आहे. आता खात्यातून पैसे काढले जातील का?

उत्तर : एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. हे दोन्ही क्रमांक तुमच्या प्रत्येक धनादेशावर छापलेले असतात आणि तुमच्या खात्यात पैसे जमा करणाऱ्या प्रत्येकाला ते द्यावेच लागतात. खात्यातून रक्कम बाहेर जाण्यासाठी भारतात तुमची संमती लागते, आणि ती सही, ओटीपी, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा पिन यांसारख्या एखाद्या रूपाने घेतली जाते. ब्रिटनमध्ये खात्याच्या क्रमांकांवरून, कागदी सहीशिवायही, डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी कपात, सुरू करता येते. म्हणूनच चुकीने कापलेली रक्कम बँकेने ताबडतोब परत करण्याची हमी तेथे त्या व्यवस्थेला जोडलेली आहे.

तेव्हा खाते क्रमांकासोबत आणखी काय काय दिले, हे आठवून पाहा. जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, ओळखपत्राचे छायाचित्र, सही केलेला रद्द धनादेश असा संपूर्ण संच परक्याच्या हाती गेला असेल, तर त्यावरून बनावट संमतीपत्र भरता येते, किंवा ‘बँकेतून बोलतो आहे’ असे सांगून येणारा पुढचा फोन फारच खरा वाटू शकतो. अशा वेळी बँकेला लेखी कळवावे आणि पुढील काही महिने खात्याचा उतारा बारकाईने पाहत राहावे.

प्रश्न : प्रतिनिधीच्या टॅबलेटवर मी घाईत सही केली. नेमके कशावर सही केली हे माहीत नाही. हे रद्द करता येईल का?

उत्तर : येईल. तुम्ही बहुधा मँडेटवर सही केली आहे. तुम्ही स्वतः पैसे पाठवता तेव्हा रक्कम आणि दिवस प्रत्येक वेळी तुम्ही ठरवता; मँडेटमध्ये मात्र समोरच्याला तुमच्या खात्यातून वेळोवेळी रक्कम काढून घेण्याची मुभा मिळते. भारतात ही व्यवस्था मुख्यतः राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) उभारलेल्या ‘नॅच’ प्रणालीतून चालते. तिच्या फॉर्मवर एक जागा सहज नजरेआड होते. रक्कम ‘ठरावीक’ आहे की ‘कमाल’ आहे, हे तेथे खूण करून सांगायचे असते. ‘कमाल’वर खूण असेल आणि समोर मोठा आकडा असेल, तर तोंडी कितीही लहान रक्कम ठरलेली असो, त्या आकड्यापर्यंतची वसुली तुम्ही मान्य केलेली असते. मँडेटची शेवटची तारीखही पाहावी.

आता रद्द करण्याविषयी. प्रतिनिधीला फोन करून ‘नको’ म्हणणे पुरेसे नाही. संस्थेला ईमेलने किंवा पत्राने कळवा आणि त्याच दिवशी बँकेतही अर्ज द्या. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा संदर्भ क्रमांक असतो, तो अर्जात लिहिला की काम लवकर होते. यूपीआय ऑटोपे असेल तर ते तुमच्याच ॲपमध्ये दिसते आणि तेथूनच बंद करता येते. युरोपात सेपा या सामायिक बँक-देयक पद्धतीने कापलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत, कारण न देताही, बँकेकडून परत मागता येते, आणि मुळात संमतीच नसेल तर ही मुदत तेरा महिन्यांची आहे. खात्यात शिल्लकच न ठेवून हप्ता परतवून लावण्याची युक्ती काही जण सुचवतात; तिच्या नादी लागू नये, कारण हप्ता परत गेल्याचा दंड बँक तुमच्याकडूनच घेते आणि मँडेट तसेच कायम राहते.

प्रश्न : ‘फक्त पडताळणीसाठी’ म्हणून ओटीपी मागितला तर?

उत्तर : देऊ नये. कार्डामागील सीव्हीव्ही आणि यूपीआय पिन यांनाही हेच लागू आहे. ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे हे बहुधा लिहिलेले असते. तो तोंडी सांगण्यापूर्वी संदेश पूर्ण वाचणारी माणसे फार थोडी.

प्रश्न : संस्था खरी आहे, हे दारातल्या दारात कसे ओळखावे?

उत्तर : दारातल्या दारात ओळखू नये, हेच खरे. ओळखपत्र छापणे सोपे असते आणि नामांकित संस्थेच्या नावात एखादा शब्द बदलून नवे नाव तयार करणे त्याहून सोपे. माहितीपत्रक आणि नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, प्रतिनिधीने दाखवलेला क्यूआर कोड स्कॅन न करता संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा, आणि नोंदणीची पडताळणी सरकारी यादीत क्रमांकावरून करावी. त्यानंतर देणगी द्यावीशी वाटली तर ती स्वतःच्या खात्यातून स्वतः पाठवावी. ‘आजच सही झाली पाहिजे’ असा आग्रह धरणाऱ्याला निरोप द्यावा, मग संस्था खरी का असेना.

प्रश्न : आई एकटी राहते आणि कोणालाही नाही म्हणत नाही. तिच्या खात्यातून तीन संस्थांना पैसे जात आहेत. तिला न दुखावता हे कसे थांबवू?

उत्तर : आधी तिच्याशेजारी बसून उतारा पाहा आणि तिन्हींपैकी कोणती देणगी तिला मनापासून द्यायची आहे, हे तिलाच विचारा. कदाचित तिन्ही चालू ठेवायच्या असतील. पैसे तिचे आहेत. नको असलेली मँडेट तिच्याच सहीने रद्द करून घ्या. देणग्यांसाठी वेगळे छोटे खाते उघडून त्यात वर्षभराची ठरलेली रक्कम ठेवता येते, म्हणजे मुख्य खात्याचा क्रमांक कोणाला सांगावा लागत नाही. तिची संमती असेल तर व्यवहारांच्या सूचना तुमच्या फोनवरही येतील अशी सोय बँकेत विचारावी. दारावर काय बोलायचे याचाही तिला सराव असलेला बरा : ‘माहितीपत्रक ठेवून जा, आम्ही घरी बोलून ठरवतो.’ या वाक्यात ‘नाही’ हा शब्द नसल्यामुळे तिला ते बोलताना जड जाणार नाही.