आपल्या आकाशगंगेच्या बाहेर जाऊन शोध घेणं कधी शक्य होईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: माणूस, निदान एखादं यान, आकाशगंगेबाहेर जाईल का; आणि कोल्हापुरात अकरावी सायन्सला असताना या विषयात करण्यासारखं काही आहे का. जाण्याचं म्हणाल तर आज माहीत असलेल्या भौतिकशास्त्रात मला तरी वाट दिसत नाही. शोध मात्र शंभर वर्षांपासून चालू आहे, आणि त्यातला काही आपल्या पुण्यातूनच.

देवयानी (अँड्रोमेडा) ही शेजारची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. पण प्रकाशाला पोचायला 25 लाख वर्षं लागतात एवढं अंतर, असं नुसतं म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून बिंदू चौकात एक रुपयाचं जुनं, अडीच सेंटिमीटरचं नाणं ठेवा आणि नेपच्यूनच्या कक्षेसकट सगळी सूर्यमाला त्यात बसली असं धरा. मग सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, शंभर-सव्वाशे मीटरवर येतो. आपली आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण कन्याकुमारी ते जम्मू. आणि शेजारची मोठी दीर्घिका देवयानी इतकी लांब की पृथ्वीला दीड वेढा घातला तरी अंतर उरतंच. 1977 साली सुटलेलं व्हॉयेजर-1 ही माणसानं सर्वांत दूर पोचवलेली वस्तू. या मापात ती नाण्यापासून चार बोटंसुद्धा लांब गेलेली नाही.

व्हॉयेजर ‘आकाशगंगेबाहेर गेलं’ असे मेसेज अधूनमधून फिरतात, ते सोडून द्या. 2012 च्या ऑगस्टमध्ये ते सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्याच्या प्रभावातून बाहेर पडलं, एवढंच. सेकंदाला 17 किलोमीटर वेगानं त्याला एक प्रकाशवर्ष कापायला साडेसतरा हजार वर्षं लागतात. त्यातही ते आकाशगंगा सोडणारच नाही. आपण आहोत तिथून तिच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायचं तर सेकंदाला साधारण 550 किलोमीटर वेग हवा. सूर्यच आकाशगंगेच्या केंद्राभोवती 230 च्या आसपास वेगानं फिरतोय आणि व्हॉयेजर त्याच्यासोबत फिरत राहणार. सुटून चाललेले तारे आहेत. 2019 मध्ये जाहीर झालेला एस5-एचव्हीएस1 सेकंदाला 1,700 किलोमीटरच्या वर वेगानं बाहेर पळतोय. त्याला केंद्रातल्या कृष्णविवरानं सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी भिरकावलं, असं गणित सांगतं.

‘पण आइन्स्टाइनप्रमाणे वेगात वेळ मंदावते ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला, आणि तो बरोबर आहे. यानाचा वेग सतत पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणानं वाढवत नेला, अर्ध्या वाटेनंतर तसाच कमी करत आणला, तर देवयानीपर्यंत यानातल्या माणसाची फक्त 28-29 वर्षं जातील. म्हणजे एका आयुष्यात पोचता येतं! विज्ञानकथा इथंच थांबतात, कारण पुढे इंधनाचा हिशेब येतो. पदार्थ आणि प्रतिपदार्थ (दोन्ही भेटले की नष्ट होऊन त्यांची सगळी ऊर्जा होते) यांची शंभर टक्के ऊर्जा प्रकाशाच्या रूपात मागे फेकणारं आदर्श इंजिन धरलं तरी तिथं जाऊन थांबण्यासाठी एक किलो सामानामागे 6 लाख कोटी किलोहून जास्त इंधन लागतं. मी स्वतः कागदावर मांडून बघितलंय. एक किलोमागे, बरं का. माणूस, अन्न, पाणी वेगळंच.

शिवाय त्या वेगात वाटेतला विरळ हायड्रोजनही यानावर किरणोत्सर्गासारखा आदळतो. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो. कुठला धातू किती सोसतो ते रोज बघतो. हे सोसणारा धातू माझ्या ओळखीचा नाही. पोचलेल्यानं निरोप धाडला तरी तो यायला आणखी 25 लाख वर्षं. तेवढ्याच काळामागे पृथ्वीवर आपली प्रजातीसुद्धा नव्हती.

वर्महोल, म्हणजे अवकाशातले जवळच्या वाटेचे बोगदे, वगैरे गणितात बसतात, पण ते उघडे ठेवायला लागणारी ऋण ऊर्जा तेवढ्या प्रमाणात कुणाकडे नाही. आणि विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दिसणाऱ्या दीर्घिकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दीर्घिकांपर्यंत आज प्रकाशवेगानं निघालो तरी कधीच पोचता येणार नाही.

आता शोधाचं बघा. देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हेच मुळी 1920 च्या दशकात एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानं तिच्यातला एक रूपविकारी (ठरावीक काळानं तेज कमी-जास्त होणारा) तारा मोजून अंतर काढलं तेव्हा पक्कं झालं. मला सर्वांत भारी वाटते ती 23 फेब्रुवारी 1987 ची घटना. मोठ्या मॅजेलनिक मेघात, म्हणजे दुसऱ्या दीर्घिकेत, एक तारा फुटला आणि त्यातले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण 1 लाख 60 हजारांहून जास्त वर्षांचा प्रवास करून आले. जपानच्या कामिओकांडेतल्या पाण्याच्या टाकीसह तीन ठिकाणच्या उपकरणांत मिळून जेमतेम दोन डझन सापडले. दुसऱ्या दीर्घिकेतले कण प्रयोगशाळेत! तिकडे यान पाठवण्यापेक्षा मला हेच जास्त खरं संशोधन वाटतं.

2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. त्याच जातीची वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होतेय; 2023 मध्ये केंद्रानं 2,600 कोटी रुपये मंजूर केले. आणि 2025 मध्ये पुण्याच्या एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) इथल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या माहितीतून ‘अलकनंदा’ ही दीर्घिका शोधली. विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाच तिचे सर्पिल हात नीट तयार झालेले दिसतात, आणि इतक्या लवकर असं काही सापडेल अशी अपेक्षा नव्हती.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या अमावस्येला मसाई पठारावर किंवा गगनबावड्याकडे जा. शहरातून नाद सोडा, एलईडीच्या उजेडात काही दिसत नाही. रात्री आठ-नऊला उत्तरेकडे तोंड केलं की शर्मिष्ठा तारकासमूहाचे पाच तारे इंग्रजी एमसारखे दिसतात. त्यातलं जास्त टोकदार शिखर वर जिकडे रोख धरतं, तिकडे हात लांब करून दीड मूठ मोजा. तिथला पुसट डाग म्हणजे देवयानी. 10 बाय 50 ची दुर्बीण असेल तर बरं. फोटोतल्यासारखं रंगीत चक्र शोधू नका, राखाडी धब्बाच दिसतो. आमच्याबरोबर येणारी पोरं पहिल्यांदा हमखास हिरमुसतात.

आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी प्रदर्शन असतं. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत तिथं. पुण्याला गाडी बदलून नारायणगावला उतरायचं. तारखेची खात्री मात्र आधी करून घ्या, आणि फिजिक्सच्या सरांनाही विचारा, दहा-बारा जण जमलात तर गाडी करून जाणं सोपं पडेल.